मामांच्या रानावर गळ टाकून

शुक्रवार

संज्या पहिल्या पाळीला असला की तीनला सुटतो, तरी आम्हाला साताऱ्यातून निघायला सहा वाजलेच. कारण त्याची पेटी. हा गडी एमआयडीसीत लेथवर काम करतो, त्यामुळे त्याचं गळाचं सामान दुकानातलं कमी आणि हातानं केलेलं जास्त. शिसाची वजनं स्वतः ओतलेली, रॉड टेकवायच्या खुंट्या स्वतः वाकवलेल्या आणि डबीतल्या प्रत्येक गळाचं टोक कानशीनं घासून नखावर तपासलेलं. अंगठ्याच्या नखावर टोक टेकवायचं आणि हलकेच ओढायचं. घसरलं तर बोथट, रुतलं तर चालेल. निघायच्या आधी त्यानं अख्खी डबी अशी तपासली आणि मी दारात गाडी चालू ठेवून बसून राहिलो. त्याला घाई करून उपयोग नसतो.

संक्रांत नुकतीच झाली होती. महामार्गावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, एकेकीला मागं टाकत पाचवडला पोचलो, डावीकडं वाईच्या रस्त्याला लागलो आणि मुकाट्यानं काचा वर केल्या. वाईची थंडी साताऱ्याच्या थंडीहून वेगळी. दोन्ही अंगांना डोंगर, मध्ये कृष्णा, आणि रात्र पडली की डोंगरावरची गार हवा जड होऊन घसरत खाली खोऱ्यात साचते. साताऱ्यात स्वेटरवर भागतं, इथं कानटोपी लागते.

वाईत किराणा घेतला. मैदा, भाजके शेंगदाणे, शेंगपेंड, बडीशेप, हिंगाची डबी. दुकानदारानं यादी ऐकून विचारलं, "पाव्हणं, बेत काय म्हणायचा?"

"माशांना जेवण हाय," संज्या म्हणाला.

"आत्ता? थंडीचं? काय लागायचं न्हाई बघा."

हे वाक्य थंडीत गळ घेऊन निघालेल्या माणसाला जागोजागी ऐकावं लागतं आणि ते निम्मं खरं आहे. मासा थंड रक्ताचा. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, पचन मंदावलं की भूक मरते. रोहू, कटला, मृगळ यांना साधारण पंचवीस ते तीस अंशांचं पाणी मानवतं. विशीच्या आसपास आलं की ते खाणं आखडतात. पण आपल्या धरणांचं पाणी काही हिमालयातल्या तळ्यासारखं गोठत नाही. मासा खातो, थोडं खातो, आणि दिवसातल्या ठरावीक वेळेला, ठरावीक जागी खातो. तेव्हा माझं म्हणणं असं की थंडीत पहाटे उठून पाण्यावर जाण्यात काडीचा अर्थ नाही, पाण्याला ऊन लागू द्यावं. संज्याचं म्हणणं असं की मासेमारी पहाटेच करायची असते. का, तर त्याचे वडील पहाटे जायचे. या विषयावर आमचं आजवर जमलेलं नाही.

संज्याचं आजोळ धोमच्या जलाशयाच्या उत्तर काठावर आहे. मेणवली, धोम असं करत, धरणाची भिंत मागं टाकून पाण्याच्या कडेकडेनं रस्ता जातो. अंधारात पाणी दिसत नव्हतं, पण पलीकडं उंचावर पाचगणीचे दिवे लागले होते आणि दिवे नि रस्ता यांच्या मध्ये जो काळा पट्टा होता ते सगळं पाणी. साडेतेरा टीएमसीचं धरण. कोयनेच्या शंभरावर टीएमसीपुढं काहीच नाही, पण सातारा-कोरेगावकडच्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला विचारा त्याची किंमत.

मामी दारातच उभ्या होत्या. "आलासा व्हय? किती उशीर! चुलीवर पानी तापतंय, हातपाय धुवा आधी." हातपाय धुतले, ज्वारीच्या भाकरी, घेवड्याची आमटी आणि कांदा-लसणाची चटणी खाल्ली, आणि मग चुलीपुढं बसून आम्ही कणीक मळायला घेतली. मैदा, पेंड, शेंगदाण्याचं बारीक कूट, भाजून कुटलेली बडीशेप, चिमटीभर हिंग. उन्हाळ्यात संज्या त्यात तेल टाकतो, थंडीत टाकत नाही. त्याच्या मते गार पाण्यात तेलकट गोळा घट्ट होऊन बसतो आणि वास सोडत नाही. हे त्याचं म्हणणं मला पटतं.

मामा पंचाहत्तरीला टेकलेत. आमचं मळणं बघत बसले होते. मग म्हणाले, "बसनार कुठं उद्या?"

संज्यानं दर वेळची जागा सांगितली, रस्त्याजवळची, गाडी थेट जाते ती.

"तिथं काय हाय? तिथं नुसता मुरूम. गवताची काडी उगवत नव्हती तिथं, मासं कशाला येतील?" असं म्हणून मामांनी चुलीतली राख पुढं ओढली, हातानं सारखी केली आणि बोटानं रेघा मारायला लागले.

मामांचं जुनं रान धरणात गेलंय. धरणाचं काम सत्तरच्या दशकातलं, मामा तेव्हा विशीत होते आणि त्या रानात नांगर धरत होते. निम्मी भावकी पुनर्वसनात खाली गेली, मामांच्या वडिलांनी वरच्या अंगाचा माळ धरून ठेवला म्हणून हे घर इथं राहिलं. राखेतली पहिली आडवी रेघ म्हणजे आताचा काठ. दुसरी, तिच्या खाली, दगडी ताल, म्हणजे शेताचा रचलेला बांध. "कमरंएवढा ताल, आज्यानं रचल्याला. आत्ता त्याच्यावर दीड पुरुस पानी आसंल." पुरुस म्हणजे माणसाच्या उंचीएवढी खोली. तालाखाली हळदीचं वावर, त्याच्या कोपऱ्यात गोल: विहीर. "हिच्यावर चार पुरुसाच्या पुढं." विहिरीला पायऱ्या. पायऱ्यांच्या बाजूला आंब्याचं खोड. झाड पाणी यायच्या आधी तोडून नेलं, बुंधा राहिला. तालाच्या वरच्या अंगाला काळी माती, खालच्या अंगाला चिखल.

मी गळ टाकणाऱ्यांच्या हातात मोबाइलला जोडायची खोली मोजायची यंत्रं पाहिलीत. त्यांना तळ दिसतो. तालाच्या वरच्या अंगाला काळी माती आहे आणि तिच्यात काय काय पिकत होतं, ते त्यांना दिसत नाही.

शनिवार

साडेपाचला संज्यानं माझं पांघरूण ओढलं. मी ते परत ओढलं. तो एकटाच गेला.

मी उठलो तेव्हा मामी अंगणात हरभऱ्याचे डहाळे निवडत होत्या. चहा झाला, दुसरा झाला. आठच्या सुमारास मी खाली उतरलो. पाण्यावरून वाफ निघत होती. रात्रभरात हवा पाण्याहून गार झालेली असते म्हणून. संज्या खुर्चीवर घोंगडं पांघरून बसला होता. दोन रॉड खुंट्यांवर, शेंड्यांना घुंगरं, घुंगरं गप्प. समोर पाणकावळे बुड्या मारत होते आणि त्यांना मात्र मिळत होतं.

"काय?" मी विचारलं.

"काय न्हाई."

"एक तरी टोक?"

"चहा आनलायस का?"

त्याच्याकडं दोरीला बांधलेला एक थर्मामीटर आहे, मासे पाळायच्या काचेच्या पेटीतला. त्यानं काठाला सोडून पाहिला होता. एकोणीस. त्याच्याच हातात पुरावा होता, मी बोललो नाही.

इथल्या उन्हाची गंमत सांगतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून तिरका चालतो. जलाशयाच्या दक्षिणेला पाचगणी-महाबळेश्वरचा डोंगर उभा, त्यामुळे त्याच्या पायथ्याचा काठ बराच वेळ सावलीत राहतो. उत्तर काठाला ऊन आधी येतं आणि दिवसभर टिकतं. शिवाय दिवस चढला की वारा फिरतो, आणि ज्या काठाला लाटा येऊन लागतात तिथं वरचं कोमट पाणी साचत जातं. उन्हाळ्यात सावली शोधणारा मासा थंडीत ऊन शोधतो. तेव्हा काठ निवडताना आधी डोंगर बघायचा आणि मग वारा.

नऊच्या सुमाराला मच्छीमार सोसायटीचा माणूस मोटारसायकलवर आला. धरणातल्या माशांचा ठेका सोसायटीकडं असतो, बीज तेच सोडतात, त्यामुळे हौशी माणसानंही त्यांना विचारूनच बसायचं. पावती फाडली. जाळं नाही ना, दोनच रॉड ना, एवढं बघितलं. त्याच्या बरोबरचा एक म्हातारा काहिलीतून जाळी काढायला निघाला होता. गुऱ्हाळाची जुनी काहील, गूळ शिजवायची, बूड काळंभोर. तिच्यात उकिडवा बसून एका हातानं फळी मारत तो माणूस शांतपणे मधोमध गेला. संज्या ते बघून दोन पावलं काठापासून मागं सरकला. त्याची सासुरवाडी सांगलीकडची, पलूसच्या बाजूची. तिकडं कृष्णेत मगरी आहेत हे त्याला मेहुण्यांनी लग्नाच्या वर्षी नदीवर नेऊन दाखवलंय, आणि नदी तीच म्हटल्यावर वरच्या अंगालाही तो घोट्याच्या वर पाण्यात उतरत नाही.

दहाला मामा काठी टेकत आले. आम्ही मुरमावर बसलेले बघून नुसती मान हलवली आणि पुढं चालायला लागले. आम्ही सामान उचलून मागं. दोन-तीन शेतं ओलांडून एका उंबराखाली ते थांबले. पलीकडच्या डोंगराची एक सोंड दाखवली, ती उंबराच्या फांदीच्या रेषेत येईपर्यंत आम्हाला डावीकडं सरकवलं, आणि म्हणाले, "आता टाका. चाळीस पावलावर ताल. त्याच्या आल्याड पडलं पायजे, पल्याड न्हाई."

आल्याड का, ते मामांनी सांगितलं नाही, पण टाकल्यावर कळलं. तालाच्या वर पाणी उथळ, मातीचा तळ काळा, ऊन लागलं की लवकर तापणार. आणि शेजारी तालाची भिंत, भ्यायलं की लपायला. माशाला आणखी काय लागतं? अकराला संज्याचा थर्मामीटर तिथल्या काठाला तेवीस दाखवत होता.

संज्यानं स्प्रिंगचा गळ लावला. तारेच्या स्प्रिंगवर कणकेचा लिंबाएवढा गोळा दाबायचा, आजूबाजूला चार-पाच गळ लोंबतात, मासा गोळा कुरतडता कुरतडता गळ तोंडात घेतो. उन्हाळ्यात हे छान चालतं. मी मात्र थंडीत साधी काठी घेतो: पातळ तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, मोरपिसाच्या दांडीचा तरंगा, बारीक गळ आणि त्यावर वाटाण्याएवढी कणीक. भूक कमी तर घास लहान.

थंडीतला रोहू घास ओढत नाही, चाखतो. तरंगा बुडायची वाट बघत बसाल तर संध्याकाळ होईल. दांडीचा शेंडा आधी थरथरला. लाटेची थरथर वेगळी असते, ती सारखी असते. ही अधूनमधून होती. मग तरंगा जरासा वर आला, म्हणजे खालून कोणी तरी शिसं उचललं. मग तो बाजूला सरकायला लागला, अगदी सावकाश. मी मनगट उचललं.

काठी वाकली आणि रीळ ओरडायला लागलं. मासा सरळ आत सुटला, तालाकडं. तालाच्या दगडांत शिरला की दोरा कापलाच. मी काठी आडवी धरून त्याला बाजूला वळवायला बघत होतो, तोवर मामा मागून ओरडले, "डावीकडं घे! डावीकडं! उजव्या अंगाला पायऱ्या हायत!"

पाण्याच्या वर एक रेघ नाही, खूण नाही, आणि हा माणूस मला विहिरीच्या पायऱ्या चुकवायला सांगतोय. मी डावीकडं घेतलं. दोरा एकदा कशाला तरी घासला, हाताला खरखर लागली आणि सुटला. मासा अजून दोनदा आत पळाला, मग दमला. संज्यानं जाळीचं फडकं खाली घातलं. पाण्यात उतरला नाही, काठावर आडवा पडून घातलं.

रोहू पावणेदोन किलोचा भरला, संज्याच्या ताणकाट्यावर. हिवाळ्यातला रोहू बघण्यासारखा असतो. खवल्याखवल्याच्या मध्ये तांबूस छटा, पोट चांदीसारखं आणि खालच्या ओठाला बारीक झालर. तिनंच तो तळावरचं शेवाळ आणि मऊ घास चाचपत, ओरबाडत खातो. गळ त्या झालरीच्या अगदी कडेला रुतला होता. आणखी एक पळ काढला असता तर गेला होता.

मामा खाली बसले, मासा हातात घेऊन उलटासुलटा केला. "रान माझं, पीक तुमचं. निम्मा मासा खंड म्हनून हिकडं द्यायचा."

नंतरचे दोन तास ज्याला म्हणतात तसे गेले. साडेअकरा ते दीड. संज्यानं स्प्रिंग काढून बारीक गळ बांधला, एकही शब्द न बोलता, आणि मीही न बोलता त्याला कणीक दिली. त्याला एक मृगळ मिळाला, तळावरचाच, खालच्या तोंडाचा. मला आणखी एक रोहू, लहान, सोडून दिला. एक मोठं काही तरी संज्याच्या काठीला लागलं, तालावरून पलीकडं गेलं आणि दोरा घेऊन गेलं. "खोडात शिरलं," मामा म्हणाले. "आंब्याच्या." संज्यानं तुटलेलं टोक बोटांत फिरवून बघितलं, दातेरी झालं होतं. दगडानं कापलेलं टोक असं नसतं म्हणे. लाकडात शिरलेल्या गळाची त्याला हळहळ वाटली, माशाची कमी.

जेवताना मामांनी विचारलं की हे रोहू-कटले आमच्या लहानपणी इथं नव्हतं, मग आलं कुठनं? नव्हतेच. हे सगळे गंगेच्या खोऱ्यातले मासे. पावसाळ्यात नदीला लोंढा आला की वाहत्या पाण्यात अंडी घालतात. धरणाच्या साठल्या पाण्यात सहसा घालत नाहीत, म्हणून सोसायटीला बीज विकत आणून सोडावं लागतं. हिरालाल चौधरी नावाच्या शास्त्रज्ञानं ओडिशात अंगुळला माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना कैदेत अंडी घालायला लावली, १० जुलै १९५७ रोजी. त्या आधी बीज नदीतून गोळा करावं लागायचं आणि त्यात नको ते मासे निम्मे. आज देशभर १० जुलैला मत्स्य शेतकरी दिन असतो तो त्यामुळे.

"सुई टोचून?" मामांनी भाकरी खाली ठेवली. "जरशी गाईवानी?"

जवळजवळ तसंच, म्हटलं.

मामांच्या लहानपणी या नदीत खडस असायचा, डोहांत. वाम, मरळ, खवल्या, झिंगे. वडाखालच्या डोहातला खडस कोणी मारायचा नाही, पोरं त्याला चुरमुरे टाकायची. मोठ्या खवल्यांचा हा मासा, ज्याला बाहेर महसीर म्हणतात, त्याला वाहतं, स्वच्छ, दगडगोट्यांचं पाणी लागतं. डोह धरणात गेला तसा तोही गेला. टाटांच्या लोणावळ्याच्या वळवण तळ्यावर त्याची पैदास करून पिल्लं ठिकठिकाणच्या पाण्यात सोडलीत, हे मी मामांना सांगितलं. "हितं कोन सोडंल?" ते म्हणाले आणि काकडी मागून घेतली.

दोननंतर चिलाप्यांनी ताबा घेतला. तळहाताएवढ्या चिलाप्या, टाकला की लागला, टाकला की लागला. हा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला, आणि आता असं तळं दाखवा की जिथं तो नाही. मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, बीज सोडायची गरज नाही, खायला काहीही चालतं. गळ टाकणारे त्याला नावं ठेवतात आणि घरी जाऊन तळून खातात. आम्ही एका पिशवीपुरत्या धरल्या आणि काठ्या गुंडाळल्या.

सूर्य डोंगराआड गेला की थंडी लगेच उतरते, संधिप्रकाश वगैरे भानगड नसते. मामींनी रोहूचं कालवण केलं होतं: सुकं खोबरं, कांदा-लसूण मसाला, चिंचेचा कोळ. चिलाप्या तांदळाचं पीठ लावून तव्यावर. रोहूच्या पाठीकडच्या तुकड्यांत वाय आकाराचे बारीक काटे असतात, त्यामुळे जेवताना गप्पा बंद. संज्याला ते काटे काढणं जमतं, डोळे मिटून सुद्धा. मला दिव्याखाली बसावं लागतं.

जेवण झाल्यावर वामीसाठी रात्रीचे गळ लावायला गेलो. वाम दिवसा दगडांच्या कपारीत पडून असते, रात्री बाहेर येते, आणि तिला कणीक नको, गांडूळ लागतो. मामींच्या मोरीमागच्या ओलीतून काडू, म्हणजे गांडुळंच, काढून ठेवले होते. गळ दगडाच्या बुडाशी सोडायचा आणि हातात दोरा धरून बसायचं. पहिले चार-पाच वेळा गांडूळ गायब. खेकडे. दोरा अलगद, सारखा ओढला जातो तो खेकडा, झटका बसतो ती वाम. दहाच्या पुढं झटका बसला. वर आली ती हातभर लांब, तपकिरी, आणि वर येता येता तिनं दोऱ्याला तीन पिळे घातले. संज्यानं चुलीतली राख पुडीत आणली होती. राखेचा हात नसेल तर वाम धरताच येत नाही, आणि पाठीवरच्या बारीक काट्यांची रांग बोटं फोडते ती वेगळीच. पुडी बघून कळलं की कालचा राखेतला नकाशा आज खिशात आला होता.

रविवार

पाणी उतरलं होतं. रात्रीतून चार बोटं. काल उंबराखालच्या दगडाला लागलेलं पाणी आज त्याच्या खाली होतं आणि मध्ये ओल्या चिखलाचा पट्टा. रब्बीचं आवर्तन, कालव्याला पाणी सोडलेलं. खालच्या गव्हाला, हरभऱ्याला त्याची गरज होती, त्यामुळे तक्रार कोणाकडं करायची?

पाणी असं उतरायला लागलं की मासा काठ सोडतो. उथळात अडकायची भीती त्याला उपजत असते. संज्या आज पहाटे उठला नाही, म्हणजे उठला, पण मी उठेपर्यंत चुलीपाशी बसून राहिला, आणि आम्ही दोघं मिळून नऊला खाली गेलो. ऊन होतं, वारा होता, थर्मामीटर कालच्याइतकाच. साडेअकरा झाले, बारा झाले. एक चिलापी. तालाच्या पलीकडं टाकून बघितलं, मामांना विचारून. हळदीच्या वावरात. तिथं चिखल, शिसं रुतून बसतं, वर ओढलं की काळा गाळ.

चक्रवाकांची एक जोडी मात्र उघड्या पडलेल्या चिखलाच्या पट्ट्यावर उतरली. नारिंगी बदकं, हिवाळ्यात उत्तरेकडून येतात. त्यांच्यासाठी आवर्तन सोईचं.

मामींनी सकाळी वाम केली होती, सुकी, लसूण जास्त घालून. काटा एकच, मधला. रोहूवर पैज लावणाऱ्यांनी एकदा वाम खाऊन बघावी. निघताना संज्यानं खंडाचा विषय काढला, मृगळ आणि उरलेल्या चिलाप्या मामांना घ्या म्हणाला. मामांनी चिलाप्या ठेवून घेतल्या, मृगळ परत पिशवीत घातला आणि वर डहाळ्यांची पेंडी टाकली. मामींनी आम्हाला गाडीत बसवून पुन्हा उतरवलं, कारण हळदीची पुडी द्यायची राहिली होती.

धोमला नरसिंहाच्या देवळाच्या आवारात थांबलो. तिथं कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. मग मेणवली. नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलीय, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधून जी लूट आली त्यातली. लोक तिच्यापुढं उभे राहून फोटो काढतात. संज्या वाकून तिच्या कडेखालून आत बघत होता. साचा कसा बांधला असेल, जीभ कशी अडकवली असेल, ओतल्यावर आतून काही काम केलंय का. मागं रांग लागली तरी त्याला फरक पडला नाही. घाटाच्या पायऱ्यांवर बायका कपडे धूत होत्या, आणि वरच्या अंगाला आवर्तन सुटलेलं असूनही नदीत पाणी बेताचंच होतं.

साताऱ्यात त्याला सोडलं, मृगळ निम्मा-निम्मा केला. डोकं त्याला, कारण त्याच्या आईला डोक्याचं कालवण लागतं.

रात्री जेवून बसलो तर त्याचा मोबाइलवर फोटो आला. आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेलं मामांचं रान. वरून दिसणारं एक, बाजूनं कापून दाखवलेलं एक, कारखान्यात पार्टचं काढतात तसं, बाणांसकट. ताल, काळी माती, हळदीचं वावर, विहीर, पायऱ्यांची दिशा, आंब्याचं खोड. खोली पुरुषांत लिहिलेली आणि एक पुरुष बरोबर किती फूट हे कोपऱ्यात मांडलेलं, मामांच्या उंचीवरून. तुटलेल्या गळाच्या जागी फुली. विहिरीच्या पलीकडचा भाग कोरा सोडून त्यावर लिहिलं होतं: मामांना विचारणे. आणि तालाच्या रेघेखाली, लाल शाईत: मेमध्ये पाणी उतरल्यावर टेप लावून तपासणे.